हितसंबंध

शीर्षकात 'मांजा' ठेवावा की नाही
यावर पारीखसरांशी दोन दिवस वाद.
शेवटी ठरलं :
'पतंगाच्या दोरीने झालेल्या मानेच्या जखमा,
एका रुग्णालयातील सहा वर्षांची नोंद.'
एकोणीस रुग्ण. सगळे जानेवारीतले,
बहुतेक दुचाकीवरचे,
एक फतेगंजच्या पुलावर, पुढे पोरीला बसवून.
सारांश अडीचशे शब्दांत हवा होता.
त्यात ती पोरगी बसली नाही.

छायाचित्र दोन : डोळ्यांवर काळी पट्टी,
हनुवटीखाली एक रेघ,
वहीला समास आखावा तितकी सरळ.
संमतीपत्र गुजरातीत, खाली सही, वाघेला.
आता तो रुग्ण क्रमांक अकरा.
आवाज परत आला, पण घोगरा;
बायको म्हणते, फोनवर ओळखू येत नाही.
हे आम्ही असं लिहिलं :
स्वरयंत्राचे कार्य समाधानकारक.

पहिल्यांदा लेख परत आला तो संदर्भांतल्या स्वल्पविरामांवरून.
दुसऱ्यांदा चाळीस दिवसांनी, तीन पानी टिपणासह.
दुसरे परीक्षक
(कुठल्या बर्फाळ गावात बसून, देव जाणे)
विचारतात, पतंग उडवायला काच कशाला?
आणि पुढे :
खळीच्या चौथा हिस्सा काचपूड असते
हे विधान कशाच्या आधारे? संदर्भ द्यावा.

संदर्भ.
रावपुऱ्यात दुकानामागचा बोळ,
दोन खांबांत ताणलेली दोरी.
फुटक्या ट्यूबलाइटी बाबा गोणीने आणत,
मी नि मनोहरकाका लोखंडी खलात कुटायचो,
नाकाला फडकं बांधून मलमलीतून चाळायचो.
भाताची खळ, सरस, रंग.
डिसेंबरभर माझे तळवे गुलाबी.
वर्गातल्या पोरी विचारायच्या, कोनां लगन छे?
मेडिकलच्या पहिल्या वर्षाची फी
बाबांनी खिडकीत मोजून दिली,
नोटांच्या कडाही गुलाबी होत्या.

नियमावलीत यासाठी तरतूद आहे : 'वैयक्तिक संवाद'.
माहिती देणाऱ्याची लेखी परवानगी जोडावी.

बाबा आता ब्याऐंशीचे.
चष्मा पुसून कागद दोनदा वाचला. म्हणाले,
"चौथा नाही गं, पाचवा.
चौथा हिस्सा घातलास तर लेप झडतो."
मी आकडा सुधारला.
"किती माणसं म्हणालीस?"
"एकोणीस."
"ती चायनीज दोरी असणार. नायलॉनची.
आपली अशी कापत नाही. आपली तुटते."
"हं."
लॅपटॉपवर तक्ता दोन उघडाच होता,
दोरीचा प्रकार :
नायलॉन बारा, अज्ञात तीन, सुती चार.
मी झाकण अर्धं लोटलं.
त्यांनी सही केली, ठसठशीत, शेवटी फर्राटा,
तारीख घालायला विसरले.
ती मी घातली.

पावणेबारा. शेवटची पायरी.
शब्दसंख्या ठीक. तक्ते वेगळ्या फायलीत.
खासगीवाले मॅडम चौथ्या; त्यांना दुसरं नाव हवं होतं, असो.
अनुदान : नाही.
'लेखकांचे काही हितसंबंध आहेत काय?'
खाली दोन गोल. आहेत. नाहीत.
वर लाल अक्षरांत :
वीस मिनिटं काही केलं नाही
तर हे पान आपोआप बंद होईल.

ते एकदा बंद झालं.
पुन्हा पासवर्ड, पुन्हा सगळी नावं,
पुन्हा मनपसंत शहर म्हणून वडोदरा.

'आहेत'वर टिचकी मारली
तर एक चौकट उघडली :
तपशील द्या, जास्तीत जास्त पन्नास शब्द.
बोळ लिहिला. खल लिहिला. फी लिहिली.
मोजले तर त्रेपन्न.
'गुलाबी' आधी काढला.
अजून दोन.